आधी अंडं ठरवा, मग तेल

अंडं तळायला कोणतं तेल चांगलं, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: तुम्हाला अंडं कसं आवडतं? पांढरा भाग लुसलुशीत, कुठेही डाग नाही, असं हवंय, की कडा तपकिरी, कुरकुरीत, जाळीदार झालेली हवीय? पहिल्यासाठी लोणी किंवा बटर, दुसऱ्यासाठी शेंगदाण्याचं तेल. बाकीची तेलं-तुपं या दोघांच्या मध्ये किंवा थोडी बाजूला बसतात. घरात मात्र सहसा उलटं होतं. गॅसशेजारी जे तेल हाताला लागेल ते घालायचं, आच रोजच्या फोडणीइतकी ठेवायची, आणि अंडं चिकटलं, करपलं, त्याला वास आला की तेलाला दोष द्यायचा.

खरं तर अंडं शिजायला फार उष्णता लागतच नाही. पांढरा भाग ६० ते ६३ अंश सेल्सिअसला दाटायला लागतो आणि ८०च्या आसपास पुरता घट्ट होतो. बलक ६५ला दाटतो, ७०ला बसतो. म्हणजे पाणी उकळेल त्याच्या आतच अंडं शिजून झालेलं असतं. त्यापुढची सगळी उष्णता रंगासाठी आणि खमंगपणासाठी. तपकिरी रंग धरायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि तेही त्या जागचं पाणी उडून गेल्यावरच. म्हणून तेलांच्या धूर धरण्याच्या तापमानाचे जे तक्ते सगळीकडे फिरत असतात, ते पाहून अंड्याचं तेल निवडू नये. पुऱ्या तळताना त्यांचा उपयोग आहे. मंद आचेवरच्या हाफ फ्रायला त्यातलं कुठलंही तेल पुरतं. तिथे निवड करायची ती चवीवर, आणि तुमचा तवा किती जाड आहे यावर.

बटर वापरण्यात एक मोठी सोय आहे: तव्याचं तापमान ते स्वतःच सांगतं. बाजारच्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. उरलेल्यात बहुतेक पाणी, शिवाय थोडा दुधाचा घन अंश आणि मीठ. तवा मंद आचेवर ठेवा, त्यात चहाचा एक चमचा बटर घाला आणि बघत राहा. आधी ते वितळतं, मग फसफसायला लागतं. आतलं पाणी वाफ होऊन निघत असतं, त्याचा हा फेस. जोवर तो जोरात आहे तोवर बटर शंभर अंशांच्या आसपासच आहे. मग आवाज उतरत जातो, बुडबुडे बारीक होतात, फेस विरळ होऊन कडेला सरकतो आणि मधून तवा दिसायला लागतो. अंडं सोडायची वेळ ती हीच. आणखी थोडं थांबलात तर तळाशी तपकिरी कण दिसतील आणि तूप कढवताना बेरीचा येतो तसा वास सुटेल. हेही वाईट नाही, काहींना नेमकी तीच चव हवी असते, पण मग पांढऱ्यावर डाग पडणार हे धरून चाला. त्याच्याही पुढे गेलं की कण काळे पडतात, कडवट होतात, आणि तो कडवटपणा अंड्यात उतरतो. तसं झालं तर तवा पुसून घ्या आणि नवं बटर घाला. चमचाभर बटर वाचवायला दोन अंडी वाया घालवण्यात अर्थ नाही.

अंडं सोडल्यावर आच वाढवायची नाही. झाकण ठेवायचं, आतल्या वाफेने बलकावर पातळ पांढरा पडदा धरतो, आणि तो धरला की लगेच उतरवायचं. मीठ सगळ्यात शेवटी, कारण पिवळं बटर मुळात खारं असतं.

घरचं पांढरं लोणी वापरणार असाल तर ते थंड पाण्यात दोन-तीनदा धुतलेलं हवं. ताकाचा अंश राहिला तर तो आधी करपतो आणि अंड्याला आंबूस वास येतो. लोण्यात पाणी जास्त असतं, म्हणून ते जास्त वेळ फसफसतं आणि तडतडतंही. त्याला वेळ द्या. ताज्या लोण्यात केलेल्या हाफ फ्रायवर फक्त मीठ आणि जाडसर मिरपूड घालून, ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खाऊन पाहा. मला अंड्याचा याहून चांगला नाश्ता माहीत नाही.

बटर करपू नये म्हणून त्यात थोडं तेल घालावं, असा एक सल्ला सर्रास दिला जातो. तेल घातल्याने दुधाचे कण करपायचं तापमान बदलत नाही. ते आधी जिथे करपत होते तिथेच करपतात. फरक एवढाच, की बटर कमी पडल्यामुळे कणही कमी असतात आणि करपलेलं तितकं जाणवत नाही. तेल-बटर मिसळायचं असेल तर चवीसाठी मिसळा. करपणं थांबवायचा उपाय एकच, आच कमी करणं.

तूप म्हणजे लोण्यातलं पाणी आणि बेरी काढून उरलेला शुद्ध स्निग्धांश. करपणारे कणच नसल्यामुळे नीट कढवून गाळलेलं तूप २३० अंशांच्या पुढेही तग धरतं. ज्यांचा तवा पातळ आहे, ज्यांची आच मोठी-लहान होत राहते, किंवा जे पहिल्यांदाच अंडं तळायला उभे आहेत, त्यांना मी तूपच सांगेन. फक्त तूप फसफसत नाही, त्यामुळे बटरसारखी खूण मिळत नाही. त्यासाठी अंडं वाटीत फोडून घ्या आणि पांढऱ्याचा एक थेंब तव्यावर टाका. थेंब आवाज न करता पांढरा झाला तर मऊ अंड्याची आच आहे. चर्र करून फुगला तर कुरकुरीत अंड्याची. ही खूण कुठल्याही तेलाला चालते. तुपाचा वास अंड्यावर स्वार होतो, तेव्हा अर्ध्या चमच्याने सुरुवात करा. जिरं, मिरं, हिरवी मिरची या वासाला चांगली साथ देतात. सॉस अजिबात देत नाही. बऱ्याच घरांत देवाच्या तुपाला अंड्याचा हात लागू देत नाहीत. तिथे अंड्यासाठी लहान वेगळी बरणी ठेवणं सोपं पडतं.

आता कुरकुरीत अंड्याकडे येऊ. इथे शेंगदाण्याच्या तेलाला महाराष्ट्रात तोड नाही, आणि तेही घाण्याचं किंवा दुकानदार ज्याला ‘फिल्टर’ म्हणतात ते. रिफाइंडमध्ये दाण्याचा वास जवळजवळ संपलेला असतो. ते जास्त उष्णता सोसतं, पण अंड्याला स्वतःचं असं काही देत नाही. घाण्याच्या तेलात दाणा जागा असतो आणि अंड्याच्या तपकिरी कडेला तो फार शोभतो. या तेलाच्या तळाशी गाळ बसतो. डबा हलवून ओतलं की तो गाळ तव्यात येतो, आधी करपतो, आणि मग लोक म्हणतात घाण्याचं तेल धूर फार करतं. डबा न हलवता वरचं निथळ तेल घ्या, निम्मी तक्रार मिटेल.

कुरकुरीत अंड्याला तेलात कंजुषी चालत नाही. लहान लोखंडी कढई किंवा खोलगट तवा घ्या, त्यात जेवणाचा एक मोठा चमचाभर तेल. आच मध्यमहून थोडी वर. तेल पातळ होऊन तव्यावर सहज धावायला लागलं, पृष्ठभागावर बारीक लहरी दिसल्या, की तयार. धूर दिसला तर आच कमी करून थोडं थांबा. वाटी तेलाच्या अगदी जवळ नेऊन अंडं अलगद सोडा. उंचावरून टाकलंत तर तेल हातावर येईल. पांढरा लगेच फुगतो, त्याला फोड येतात, कडेला बुडबुड्यांची रांग लागते. तवा किंचित तिरका करा आणि चमच्याने ते गरम तेल पांढऱ्यावर घाला, बलक टाळून. मिनिटभरात कडा तपकिरी जाळीदार होते, मधला पांढरा शिजतो, बलक वाहता राहतो. झाऱ्यावर घेऊन तेल निथळू द्या. स्पेनमध्ये ऑलिव्ह तेलात अंडं असंच तळतात आणि त्या जाळीदार कडेवरच ते पारखतात. फ्रिजमधून काढलेल्या अंड्याच्या कवचावर दमट दिवसांत पाणी जमतं, ते पुसून मगच फोडा. तेल उडतं त्याला बहुतेक वेळा तेच पाणी कारण असतं, नाहीतर ओला तवा.

एक काळजी मात्र घ्यायचीच. पाहुण्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे विचारून घ्या. घाण्याच्या तेलात दाण्याची प्रथिनं थोडी उरलेली असतात.

सूर्यफूल आणि करडई ही बिनवासाची तेलं, रिफाइंड असतील तर. अंड्यात कोथिंबीर, लसूण, मिरची, मसाला घालणार असाल, तर ती चव पुढे आणायला ही बरी. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे करडईचं तेल पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकात आहे. पण घाण्यावरचं कच्चं करडई तेल लवकर धूर धरतं, ते मंद आचेच्या अंड्यालाच ठेवा. या दोन्ही तेलांची एक खोड आहे. तव्याच्या कडेला, जिथे तेलाचा पातळ थर नुसताच तापत राहतो, तिथे काही दिवसांनी पिवळट चिकट पापुद्रा जमतो. साबणाने तो निघत नाही, नखाने खरवडावा लागतो, आणि पुढचं अंडं नेमकं तिथेच धरतं. या तेलातली मेदाम्लं उष्णता आणि हवा लागली की एकमेकांत गुंफली जातात, त्यातून हा थर तयार होतो. अंडं उतरवल्यावर तवा कोमट असतानाच कागदाने कडेपर्यंत पुसलात तर तो जमतच नाही. लोखंडी तवा तयार करताना मात्र हीच खोड कामाला येते: अगदी पातळ हात फिरवायचा, तापवायचा, पुसायचा, पुन्हा तेच. चिकट नाही, तर कोरडा काळा गुळगुळीत थर धरला पाहिजे.

तळकोकणात आणि गोव्यात खोबरेल तेल घरचंच. त्यात केलेलं अंडं गोडसर लागतं आणि कढीपत्ता, मिरी, ओलं खोबरं यांच्याशी जुळतं. नुसत्या मीठ-मिरपुडीच्या हाफ फ्रायला मला ते जड वाटतं. हे तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत बाटलीतून निघत नाही; ते बिघडलेलं नसतं. विकत घेताना बाटलीवर ‘खाद्य’ लिहिलंय ना, एवढं पाहा. लहान बाटलीतलं खोबरेल खाण्याचं मानायचं की केसांचं, हा करआकारणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२४मध्ये निकाली निघाला. तेव्हा घरात संभ्रम असेल तर नवल नाही.

मोहरीचं तेल आधी धूर येईपर्यंत तापवून, थोडं निववून मग वापरायचं, म्हणजे झणका कमी होतो. हिरवी मिरची आणि कांदा घातलेलं बंगाली पद्धतीचं आम्लेट त्यातच खरं लागतं. ऑलिव्ह तेलाबद्दल एवढंच: एक्स्ट्रा व्हर्जिन तापवू नये ही भीती अंड्याच्या बाबतीत अनाठायी आहे, मध्यम आचेला ते व्यवस्थित टिकतं. पण त्याची हिरवी कडवट चव पाव-टोमॅटोबरोबर जुळते, भाकरीबरोबर नाही, आणि त्या पैशात उत्तम घाण्याचं तेल येतं. जवसाचं तेल तव्यावर घालूच नका, ते उष्णतेने लवकर बिघडतं. चटणीवर कच्चंच बरं. वनस्पती तूप अंड्याला मी कधीच सुचवणार नाही. १ जानेवारी २०२२पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली हे खरं, पण निवल्यावर ते टाळूला चिकटतं आणि चव अशी काहीच देत नाही.

तळणीचं उरलेलं तेल अंड्याला वापरून संपवायची सवय पुष्कळ घरांत आहे. काटकसर समजते, पण हाफ फ्राय त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. त्या तेलात पिठाचे, डाळीचे करपलेले कण असतात, ते पांढऱ्यावर काळे ठिपके होऊन बसतात आणि तव्याला धरतात. वासही लपत नाही, कारण अंड्याला स्वतःचा वास फार कमी. तेल गाळलेलं असेल, एकदाच वापरलेलं असेल, दिवसाभराचंच असेल, तर बुर्जीच्या कांद्याला चालेल. गडद, घट्ट, फेसाळ झालेलं तेल कशालाच नको. विक्रेत्यांना तर २०१८पासून नियमच आहे: तळून तळून तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही.

चिकटण्याचा दोष तेलाचा फार कमी वेळा असतो. आपल्याकडे ज्या घरांत अंड्याची भांडी वेगळी असतात, तिथे अंड्याच्या वाट्याला सहसा घरातलं सगळ्यात जुनं भांडं येतं: पातळ, तळाशी वाकलेलं ॲल्युमिनियमचं, ओरखडे पडलेलं. वाकलेल्या तळामुळे तेल एका बाजूला जमतं, अंडं दुसऱ्या बाजूला कोरडं पडतं, आणि मधोमध आच फार. अशा भांड्यात बटर हमखास करपणार. त्याला तूप किंवा रिफाइंड तेल द्या, नाहीतर एकदाच मनावर घेऊन लहान जाड बिडाचा तवा आणा. तेलावर खर्च करण्यापेक्षा या तव्यावर केलेला खर्च जास्त फळतो.

तवा आधी तापवा, मग तेल, तेल तापलं की अंडं. गार तव्यावर पातळ पांढरा धातूच्या बारीक खाचांत उतरतो आणि तिथेच शिजून रुतून बसतो. अंडं पडल्यावर निदान मिनिटभर त्याला हात लावू नका. कडा घट्ट झाली की ते बऱ्याचदा आपणहून सुटतं. उलथनं आधी घातलं की फाटतं. नॉनस्टिकवर अर्धा चमचा पुरतो, तिथे तेल चवीसाठी आणि उष्णता सगळीकडे सारखी पोचावी म्हणून. असा तवा रिकामा तापत ठेवू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहारमार्गदर्शिकेत १७० अंशांच्या पुढे तापणाऱ्या नॉनस्टिक भांड्यांबद्दल सावध केलं आहे.

बुर्जीला दोन स्निग्ध पदार्थ वापरायला मी मोकळेपणाने सांगेन. कांदा, मिरची, टोमॅटो नीट परतायला बराच वेळ आणि चांगली आच लागते, तिथे शेंगदाणा तेल. अंडी घातल्यावर आच कमी. ती ओलसर असतानाच गॅस बंद करून वरून चमचाभर बटर, आणि ढवळायचं. बटर शेवटी घातलं तर त्याची चव टिकते. सुरुवातीला घातलं तर कांद्याबरोबर करपून जातं. पारशी अकुरीचं गणित वेगळं. ती मंद आचेवर, ढवळत ढवळत, मऊ ठेवायची असते, तिथे पहिल्यापासून बटर किंवा तूप.

आरोग्याचं म्हणाल, तर संपृक्त मेद खोबरेलात जवळजवळ ९० टक्के, तुपात साधारण ६०, बटरमध्ये ५०, शेंगदाणा तेलात पाचवा हिस्सा किंवा थोडा कमी, करडईत दहाव्या हिश्श्याच्या आसपास. डॉक्टरांनी संपृक्त मेद कमी करायला सांगितलं असेल तर तेल वापरा आणि बटरची चव पावावरच्या पातळ हातापुरती ठेवा. बाकीच्यांनी कोणतं तेल यापेक्षा किती तेल, याकडे लक्ष द्यावं. चहाच्या चमचाभर तेलात ४० ते ४५ कॅलरी असतात, आणि एका बलकातच सुमारे ५ ग्रॅम मेद असतो. डबा तिरका करून अंदाजाने ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घेतलंत तर तुपाचं अंडंही प्रमाणात राहतं. तेल लहान डब्यात घ्या, गॅसपासून लांब ठेवा. खवटलेल्या तेलाचा वास फोडणीत एक वेळ दडतो, अंड्यात दडत नाही.

आणि डब्यात अंड्याची पोळी जाणार असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून साधं तेल घ्या. बटर आणि तूप दुपारपर्यंत थिजतं, पोळीवर पांढुरका थर धरतो आणि घासागणिक तो टाळूला लागतो. थंडीच्या दिवसांत तर फारच. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल गारही पातळच राहतं. पोळी दोन्ही बाजूंनी पुरती शिजवा, ताटलीत निवू द्या, वाफ गेल्यावरच डब्याचं झाकण लावा.